अनुभवाच्या बाहेरचे पस्तीस तास

लंडनच्या रस्त्यांवर अधूनमधून एक गमतीशीर रांग दिसते. अंगात झगझगीत पिवळी जाकिटं, डोक्यावर हेल्मेट आणि खाली सायकल. चालवणारे मात्र सायकलवाले वाटत नाहीत. कुणाचं पोट सुटलेलं, कुणी शाळा सुटल्यापासून पॅडलला पाय लावलेला नाही. हे ट्रकड्रायव्हर असतात. कुणी सिमेंटचा मिक्सर चालवतो, कुणी कचऱ्याची गाडी, कुणी बांधकामाचा राडारोडा वाहणारा टिपर. सकाळी त्यांना वर्गात बसवतात आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात सायकलवर बसवून भर रहदारीत काढतात. शेजारून अवजड गाडी गेली की हँडल कसं थरथरतं, सिग्नलला ट्रकच्या डाव्या अंगाला उभं राहिलं की चाक खांद्याच्या किती जवळ येतं, हे त्यातल्या अनेकांना आयुष्यात पहिल्यांदाच कळतं. 'सेफ अर्बन ड्रायव्हिंग' असं या सात तासांच्या अभ्यासक्रमाचं नाव.

हे सात तास सरकारी हिशेबात जमा होतात. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघाच्या देशांमध्ये पोटासाठी ट्रक किंवा बस चालवणाऱ्या माणसाला दर पाच वर्षांत पस्तीस तास प्रशिक्षण घ्यावंच लागतं. तो काल लागलेला असो की तीस वर्षं एकही अपघात न करता चालवत आलेला असो. पस्तीस तास भरले नाहीत तर खिशातलं लायसन चालू असलं तरी व्यवसाय म्हणून गाडी चालवता येत नाही. ब्रिटनमध्ये त्यासाठी वेगळं कार्ड असतं. युरोपातल्या बऱ्याच देशांत लायसनवरच '९५' हा आकडा उमटतो. लायसन सांगतं, याला गाडी चालवता येते. हे कार्ड सांगतं, हा चालवण्याचा धंदा करायला लायक आहे.

मुळात हे युरोपीय संघाचं काम. जुलै २००३ मध्ये संघाने एक निर्देश काढला, क्रमांक २००३/५९. तोवर फ्रान्ससारखे थोडे देश सोडले तर मोठ्या गाडीचं लायसन मिळालं की शिक्षण संपलं, अशीच रीत होती. नव्या निर्देशाने दोन टप्पे केले. धंद्यात येताना आधी पात्रता मिळवायची आणि मग दर पाच वर्षांनी पस्तीस तास भरायचे. बसचालकांना हे १० सप्टेंबर २००८ पासून लागू झालं, ट्रकवाल्यांना बरोबर एक वर्षाने. आधीपासून गाडी हाकणाऱ्यांना सुरुवातीची परीक्षा माफ झाली, पस्तीस तास मात्र माफ झाले नाहीत.

सुरुवातीची परीक्षा सोपी नाही. ब्रिटनमध्ये तिचे चार भाग. पहिल्यात शंभर प्रश्न, त्यातले पंच्याऐंशी बरोबर यायला हवेत. त्याच भागात रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात आणि धोका आकार घेऊ लागला की बटण दाबायचं असतं. घाईने सारखं दाबत राहिलं तर गुण शून्य. दुसऱ्या भागात प्रसंग देऊन प्रश्न विचारतात, तिसऱ्यात गाडी चालवून दाखवायची. चौथ्यात गाडी चालवायचीच नाही. गाडीभोवती फिरून काय काय तपासाल ते सांगा, माल कसा बांधाल ते दाखवा, केबिनमध्ये चोरून घुसलेला माणूस किंवा लपवलेला माल कसा ओळखाल ते बोला.

पण माझं कुतूहल या परीक्षेत नाही, त्यानंतरच्या पस्तीस तासांत आहे. कारण त्यांच्या शेवटी परीक्षाच नाही! ब्रिटनमध्ये सात तास वर्गात हजर राहिलात, लक्ष दिलंत, की ते तुमच्या नावावर चढले. पास-नापास काही नाही. कुणालाही वाटेल की हा निव्वळ सोपस्कार आहे, आणि काही वर्गांत तो तसा असतोही. तरीही हे पस्तीस तास ज्या विचारावर उभे आहेत तो विचार मला विलक्षण वाटतो. अनुभवावर आपण सगळेच डोळे झाकून विश्वास ठेवतो. हा कायदा ठेवत नाही.

अनुभव फक्त वारंवार घडणाऱ्या गोष्टी शिकवतो. रोज घडतं त्यात माणूस तरबेज होतो. गिअर कधी टाकायचा, वळण किती घ्यायचं, फाटकातून गाडी मागे कशी लावायची, यात तीस वर्षांच्या ड्रायव्हरला कुणी शिकवायची गरज नाही. पण माणसं ज्यात मरतात ते प्रसंग दुर्मीळ असतात. एखाद्या ड्रायव्हरच्या उभ्या आयुष्यात असा प्रसंग एकदा येतो, नाहीतर येतच नाही. मग अनुभव काय शिकवतो? की असं काही होत नसतं. माल जेमतेम बांधला होता, हजार खेपा झाल्या, काही घसरलं नाही. म्हणजे जेमतेम बांधलेला माल चालतो! चुकीची सवय हजार वेळा सुखरूप घरी पोहोचते आणि प्रत्येक खेपेला आणखी पक्की होते.

माल बांधण्याचंच घ्या. युरोपातल्या वर्गांत हा विषय हमखास असतो आणि मुरलेले ड्रायव्हर इथेच चकतात.

उघड्या ट्रेलरवर वीस टनांचे लोखंडी साचे ठेवलेत. वरून रॅचेटचे पट्टे टाकून, खटक्याने ताणून, दोन्ही बाजूंना आवळलेत. पट्ट्याच्या लेबलवर त्याची क्षमता टनांत छापलेली. आठ पट्टे टाकले की कुणालाही वाटेल, काम झालं. आता नियम बघा. करकचून ब्रेक लागला तर माल पुढे जायला बघतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या आठ दशांश एवढं बळ पेलता आलं पाहिजे. बाजूला आणि मागे निम्मं. म्हणजे वीस टनांना पुढच्या दिशेने सोळा टनांचा अटकाव हवा.

वरून टाकलेला पट्टा मालाला पुढे जाण्यापासून थेट अडवतच नाही. तो मालाला फक्त खाली दाबतो. अडवतं ते माल आणि ट्रेलरचा पाटा यांच्यामधलं घर्षण. लेबलवरचे टन हे पट्टा सरळ ओढल्यावर तो किती सोसेल ते सांगतात. खटक्याने हाताने ताणताना पट्ट्यात प्रत्यक्ष येणारा ताण काही शे किलोंचाच असतो. समजा चारशे किलो. दोन बाजू धरून पट्टा मालाला आठशे किलोंनी खाली दाबेल. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर त्यातून अटकाव मिळतो जेमतेम दोनशे चाळीस किलोंचा. मालाच्या स्वतःच्या वजनामुळे सहा टन अटकाव आधीच आहे. उरले दहा टन. भागाकार करून बघा, पट्टे लागतात बेचाळीस.

बेचाळीस पट्टे कोण बांधणार? इथे प्रशिक्षक पिशवीतून रबराच्या चटईचा तुकडा काढतो. काळा, खरबरीत, जाडी काही मिलिमीटर. हा मालाच्या खाली अंथरला की घर्षण साधारण दुप्पट होतं, ०.६ धरा. आता मालाचं वजन एकटंच बारा टन अटकाव देतं. उरतात चार टन. प्रत्येक पट्टाही दुप्पट कामाचा होतो. हिशेब येतो नऊ पट्ट्यांवर. बेचाळिसाचे नऊ, तेही पट्टे न बदलता, खाली रबर घालून! (प्रत्यक्षात यात सुरक्षेचे आणखी गुणक धरतात, पण गणिताचा गाभा हाच.) दुसरा मार्ग म्हणजे माल ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला टेकवून ठेवायचा, म्हणजे भिंतच अडवते. मध्ये हातभर फट ठेवली तर ती भिंत आधाराऐवजी आदळण्याची जागा होते. हे गणित रस्त्यावर समजत नाही. आठ पट्ट्यांच्या हजार खेपा सुखरूप होतात, कारण तसा ब्रेक लागलेला नसतो.

आता ब्रेककडे वळू. ब्रिटनमध्ये मोठ्या ट्रेलरगाडीचं मालासकट कमाल वजन ४४ टन आणि वेग ताशी ९० किलोमीटरला यंत्रानेच अडवलेला. त्या वेगाला गाडी सेकंदाला पंचवीस मीटर जाते. तिच्यातली गतीची ऊर्जा पावणेचौदा मेगाज्यूलच्या घरात. ती एकदा थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरणार. तेवढ्या उष्णतेत चाळीस लिटर गार पाणी उकळेल.

हे झालं सपाट रस्त्यावर. उताराचा हिशेब बोरघाटावर करू, कारण तो आपल्या पायाखालचा आहे. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. चाळीस टनांची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे दोनशे मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवायची. सहाशे लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. बाकीची एक तर इंजिनाने खायची, नाहीतर लायनर आणि ड्रमने. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर इंजिन आणि इंजिनब्रेक तिला मागे ओढून धरतात आणि ती उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटत जाते, पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

न्यूट्रलमध्ये उतरवणारा ड्रायव्हर वेडा नसतो. त्याला डिझेल वाचवायचं असतं, आणि अनुभवाने त्याला शिकवलेलं असतं की असं उतरता येतं. पुण्याचा नवले पूल ज्यांना माहीत आहे त्यांना कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा तो लांब उतार वेगळा सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने एकामागून एक अनेक गाड्यांना ठोकरलं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नका, इंजिन बंद करू नका, असं त्या रस्त्यावर ड्रायव्हरांना सतत बजावलं जातं. गंमत अशी की आजच्या डिझेल इंजिनात गिअर टाकून, ॲक्सिलरेटर सोडून गाडी उतरवली तर संगणक इंधनाचा पुरवठाच तोडतो. म्हणजे न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवून उतरलं तर उलट थोडं डिझेल जळतं, आणि गिअरमध्ये जळत नाही. ज्या काळात ही सवय लागली त्या काळातलं इंजिन वेगळं होतं. गाडी बदलली आणि सवय जुनीच राहिली. दर पाच वर्षांनी वर्गात बसवण्याचं याहून चांगलं कारण मला तरी सुचत नाही.

हवेच्या ब्रेकची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कारमध्ये आपण पाय दाबतो तेव्हा ब्रेक लागतो. मोठ्या गाडीच्या हँडब्रेकचं उलट असतं. तिथे दणकट स्प्रिंग ब्रेक कायम दाबून धरते आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे सारून ब्रेक सोडवतो. हवा गेली की ब्रेक आपोआप लागतो. म्हणूनच सकाळी गाडी सुरू केल्यावर टाकीत हवा भरेपर्यंत ती जागची हलत नाही. रचना अगदी शहाणी आहे, तरी तिच्यात एक सापळा आहे. सुट्या उभ्या ट्रेलरला पुढून हवा येत नसते, म्हणून त्याचे ब्रेक लागलेले असतात. ड्रायव्हर पुढचा ट्रॅक्टर, म्हणजे केबिन आणि इंजिनाचा भाग, त्याला जोडतो, खाली उतरतो आणि लाल नळी लावतो. नळीतून हवा ट्रेलरमध्ये जाते आणि ब्रेक सुटतात. ट्रेलरचा पार्किंग ब्रेक आधी लावलेला नसेल आणि ट्रॅक्टरचा हँडब्रेकही विसरला असेल, तर त्या क्षणी चाळीस टनांची जोडगाडी चालू लागते. ड्रायव्हर असतो दोन धुडांच्या मधल्या बोळकांडीत.

आणि तेव्हा तो काय करतो? धावतो. केबिनमध्ये चढून ब्रेक लावायला बघतो, किंवा पुढे होऊन हाताने थोपवायला. अशाने माणसं चिरडून मेली आहेत, आणि त्यात नवशिके कमी, मुरलेले जास्त असावेत, असं मला वाटतं. नवशिका पायरी-पायरीने, घाबरत करतो. ज्याने हे काम हजारो वेळा केलंय त्याचे हात आपोआप चालतात आणि एखाद्या दिवशी एक पायरी गाळतात. वर्गात हे पुन्हा पहिल्यापासून, क्रमाने म्हणवून घेतात. आणि एक गोष्ट बजावतात: गाडी सुटली तर सुटू दे, तू बाजूला हो.

पुलांचा मामला थोडक्यात. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या पुलांना दर वर्षी दीड हजारांहून अधिक गाड्या खालून जाताना धडकतात. पुलावर उंची लिहिलेली असते आणि तीन मीटरहून उंच गाडीच्या केबिनमध्ये तिची उंची ड्रायव्हरला दिसेल अशी लिहिणं बंधनकारक आहे. तरी धडकतात, कारण ट्रॅक्टर तोच असला तरी मागचा ट्रेलर रोज बदलतो. कालचा ट्रेलर घेऊन खालून गेलेल्या माणसाला आज तो पूल ओळखीचा वाटतो. डबलडेकर बसचंही तसंच. ड्रायव्हर सहसा ठरलेल्या मार्गावर फसत नाही. रिकामी बस डेपोला नेताना, वाट वाकडी करताना त्याचं डोकं एकमजली बसच्या हिशेबाने चालतं आणि छत उडतं.

बसवाल्यांचे पस्तीस तास ट्रकवाल्यांपेक्षा वेगळ्या चिंतांनी भरलेले असतात. त्यांचा माल उभा असतो, दांडीला एका हाताने धरून. त्याला पट्टा नाही, आणि तो मध्येच चालायला लागतो. शहरी बसमध्ये बरेच प्रवासी कुठलीही टक्कर न होता जखमी होतात. कचकन ब्रेक लागला, किंवा आजीबाई बसायच्या आत बस हलली, एवढं पुरतं. ड्रायव्हर पट्टा लावून, स्टिअरिंग धरून बसलेला असतो. झटका आपणच देणार हे त्याला आधी माहीत असतं, त्यामुळे तो त्याला जाणवतच नाही. युरोपात अपंग प्रवाशांना कसं वागवायचं याचंही प्रशिक्षण बसचालकाला द्यावं लागतं. चाकाची खुर्ची शहरी बसमध्ये तोंड मागे करून, पाठ आधाराच्या फळीला टेकवून ठेवतात. प्रवाशाला ते विचित्र वाटतं. पण ब्रेक लागला की त्याचा भार फळीवर जातो, हे एकदा समजलं की ड्रायव्हर ते नीट समजावून सांगू शकतो.

आणि झोप. युरोपच्या कायद्यात गाडी चालवण्याचे तास मोजून बांधलेले आहेत. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचं, दिवसाला नऊ तास, आठवड्यातून फार तर दोनदा दहा, आठवड्याला छप्पन्न आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून नव्वद. टॅकोग्राफ नावाचं यंत्र हे सगळं नोंदवतं, त्याच्याशी हुज्जत चालत नाही. पण ते यंत्र स्टिअरिंगवरचे तास मोजतं, उशीवरचे नाही. नवजात मूल घरात असलेला ड्रायव्हर कायद्याने ताजातवाना आणि प्रत्यक्षात अर्धमेला असू शकतो. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर स्वतःहूनच मंद होतं. झोप येतेय हे माणसाला कळतं, नेमक्या कोणत्या क्षणी लागेल ते कळत नाही. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर, कुणीही चालवत नसलेल्या गाडीचे. काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तंबाखूचा बार भरणं, यांनी फार तर मन रमतं. ब्रिटनच्या हायवे कोडचा सल्ला मला फार आवडतो: सुरक्षित जागी थांबा, दोन कप कॉफी घ्या आणि निदान पंधरा मिनिटं झोपा. कॉफी रक्तात उतरून कामाला लागायला तेवढा वेळ लागतोच, म्हणजे जाग येते तेव्हा दोन्ही मदतीला हजर.

दुर्मीळ प्रसंग मुद्दाम घडवून शिकवण्याची कल्पना तशी नवी नाही. लंडनच्या बसवाल्यांच्या चिझिक इथल्या कार्यशाळेत ड्रायव्हरांसाठी खास निसरडं पटांगण होतं. पाण्याने भिजवलेल्या गुळगुळीत जमिनीवर शिकाऊ ड्रायव्हरला भरधाव डबलडेकर आणायला लावायचे, मग ब्रेक मारायला लावायचे. बस गरागरा फिरायची. रस्त्यावर आयुष्यात एकदा येईल न येईल असा प्रसंग तिथे एका सकाळीत चार-पाचदा अंगावर घेता यायचा. आज काही ठिकाणी हे काम सिम्युलेटर करतात. लंडनची सायकलही त्याच जातीची. ट्रकला सहा आरसे असतात. प्रत्येकात अर्धा सेकंद बघितलं तरी तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात ताशी दहा किलोमीटरने रांगणारी गाडी आठ मीटर सरकते. सहावा आरसा बघेपर्यंत पहिल्यात सायकलवाला आलेला असतो. हे ऐकलेलं विसरतं, पण सायकलवर बसून डोक्यावरून गेलेली ट्रकची सावली विसरत नाही.

इतकं कौतुक करून झाल्यावर तक्रारीही ऐकायला हव्यात, आणि त्या खऱ्या आहेत. अनेकांना वर्गाचे पैसे खिशातून भरावे लागतात, शिवाय एका दिवसाची मजुरी बुडते. परीक्षा नाही म्हणून काही जण मागच्या बाकावर पेंगतात. ब्रिटनमध्ये एकच अभ्यासक्रम पुन्हा पुन्हा करून पस्तीस तास भरण्याची पळवाटही बराच काळ उघडी होती. टॅकोग्राफचे नियम पाच वर्षांत पाचदा ऐकलेला माणूस काय शिकला असेल? नेदरलँड्समध्ये पस्तीसपैकी निदान सात तास प्रत्यक्ष गाडीवरचे असावे लागतात. ही अट मला रास्त वाटते. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रकचालकांचा भीषण तुटवडा पडला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि धंदा सोडून गेलेले लोक परत यायला या पस्तीस तासांमुळे कचरतात असा सूर निघाला. त्यातून डिसेंबर २०२४ मध्ये तिथे देशांतर्गत कामासाठी नवी सवलत आली. सातऐवजी साडेतीन तासांचे तुकडेही चालतील आणि काही भाग घरी बसून संगणकावर करता येईल.

आपल्याकडे केंद्रीय नियमांत प्रशिक्षणाची अशी ठोस अट आहे ती धोकादायक माल वाहणाऱ्यांना. ज्वालाग्राही रसायनं किंवा गॅस वाहणाऱ्या टँकरच्या चालकाला तीन दिवसांचा अभ्यासक्रम करावा लागतो. मोटार वाहन कायद्यात पूर्वी अशा चालकाचं लायसन वर्षाचं असे आणि नूतनीकरणासाठी एक दिवसाची उजळणी कायद्यातच लिहिलेली होती. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत तीन वर्षांची केली आणि अटी ठरवण्याचं काम नियमांवर सोडलं. साध्या मालट्रकच्या चालकाची मुदतही तीनची पाच वर्षं झाली. त्याच वर्षी आठवी पासची जुनी अटही निघाली. माझ्या मते ते योग्यच झालं, कारण आठवीच्या पुस्तकात ड्रम तापण्याबद्दल काही नसतं. पण त्या जागी दुसरं काही यायला हवं होतं. रोजीवर राबणाऱ्या माणसाला पस्तीस तास खाडा परवडणार नाही, हे म्हणणं खरं आहे. म्हणूनच हा खर्च मालकाने किंवा सरकारने उचलायचा असतो.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न. ती नसावी, याला माझ्याकडे एकच कारण आहे. ब्रिटनमध्ये एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त वीस ड्रायव्हर बसू शकतात. प्रत्येकी सरासरी वीस वर्षं धरली तर त्या खोलीत चारशे वर्षांचं ड्रायव्हिंग बसलेलं असतं. शंभर वर्षांत एकदा घडणारी गोष्ट एका माणसाच्या अनुभवात येण्याची शक्यता कमीच, पण त्या खोलीत ती सरासरी चौघांवर गुदरलेली असते. कुणाची गाडी लाल नळी लावताना सुटली होती, कुणाचा साचा केबिनची मागची भिंत फोडून आत आला होता, कुणाला पहाटे चारला शंभर मीटर आठवतच नाहीत. चांगला प्रशिक्षक आपली चित्रं दाखवण्याआधी त्यांना बोलतं करतो. डोक्यावर गुणांची टांगती तलवार असेल तर त्यातलं कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून नव्या सवलतीतही संगणकावर करायच्या तासांना जी मर्यादा घातली आहे, पस्तीसपैकी फार तर बारा, ती मला महत्त्वाची वाटते. उरलेले तेवीस तास त्या माणसांना अजूनही प्रशिक्षकासमोर एकत्र यावंच लागतं.